दहा माणसं आणि तीनशे प्लेटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंजी, साखरपुडे आणि पहिल्या वाढदिवसांवर होणाऱ्या उधळपट्टीबद्दल आपल्या वाचकपत्रांत सध्या बरंच छापून येतंय. एका पत्राच्या शेवटी असं वाचलं, की अल्पसंख्य समाजांचे कार्यक्रम मुळातच लहान असतात, त्यांना हा प्रश्न पडत नाही. ते वाचून चहा गार झाला. आमचा समाज नागपुरात इतका लहान आहे की सगळे मिळून एका ऑटोत नाही तरी दोन ऑटोंत मावतील. तरीही प्रश्न पडला, आणि चांगला वर्षभर पडला.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. वय ६७. माहेर ठाण्याचं, सासर अजनीचं. आजेसासरे जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला लागून नागपुरात आले आणि इथलेच झाले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. राज्य सरकारने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. शेजारच्या काकू मात्र अजूनही दर नाताळात मला केक आणून देतात. मी घेते. कितीदा समजावणार?

माझा नातू यंदा, म्हणजे २०२५ साली, तेरा वर्षांचा झाला. तेरा वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे मुलगा धर्माच्या आज्ञांना स्वतः बांधील होतो. बार मित्झ्वा या शब्दांचा अर्थच 'आज्ञेचा पुत्र'. आमच्या गल्लीत त्याला 'ज्यूंची मुंज' म्हणतात आणि मी फार वाद घालत नाही. मुंजीत बटूच्या खांद्यावर जानवं येतं. आमच्या पोराच्या डाव्या दंडावर आणि कपाळावर चामड्याची एकेक छोटी काळी पेटी येते, तिच्यात तोराची, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाची, चार वचनपाठं लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या असतात. तिला तेफिलीन म्हणतात. त्या दिवसापासून तो प्रार्थनेच्या माणसांत मोजला जातो. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेरा पूर्ण झालेला पोरगा त्या दहांत धरतात.

आता खर्चाचं. खरं सांगायचं तर बार मित्झ्वाला एक रुपयाही लागत नाही. समारंभ केला नाही तरी तेरा वर्षं भरली की मुलगा आपोआप बांधील होतो. केक, डीजे, फुग्यांची कमान, यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. जेवणावळींचा अतिरेक होतो म्हणून युरोपातल्या ज्यू पंचायतींनी त्यावर मर्यादा घालणारे नियम सोळाव्या-सतराव्या शतकातच केले होते, म्हणजे हा रोग आजचा नाही आणि फक्त नागपूरचाही नाही. लागतं काय? दहा माणसं, तोराची हस्तलिखित गुंडाळी आणि वाचता येणारा पोरगा. यातली पहिली दोन नागपुरात नाहीत. इथे आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, नाही. तिसरा घरात होता, पण त्याला वाचता येत नव्हतं.

नातू जन्मला २२ ऑक्टोबर २०१२ ला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती आणि आमची रिक्षा लक्ष्मीनगरच्या चौकात अर्धा तास उभी होती, म्हणून ती तारीख मी विसरणं शक्य नाही. आमच्या पंचांगाप्रमाणे ती हेश्वान महिन्याची सहावी तिथी. यंदा ती २८ ऑक्टोबरला आली, मंगळवारी. मुलगा म्हणाला, मग पुढचा शनिवार धरू. सगळे शनिवारच धरतात. मी नको म्हटलं. तोराचं जाहीर वाचन शनिवारी होतं तसं सोमवारी आणि गुरुवारीही होतं, आणि गुरुवारचे फायदे मी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. शाब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, तेफिलीन बांधत नाहीत, गुरुवारी बांधतात, म्हणजे पोराला एकाच सकाळी दोन्ही करता येतं. शाब्बाथला गाडीत बसायचं नाही, फोन नाही, फोटो नाही, त्यामुळे शुक्रवार ते रविवार परगावी मुक्काम आणि त्याचा खर्च. गुरुवारी सकाळी प्रार्थना, रात्री गाडी, शुक्रवारी सकाळी घरी. शिवाय शनिवारी अख्खा आठवड्याचा पाठ असतो, वर संदेष्ट्यांच्या ग्रंथातलं वेगळं वाचन. गुरुवारी त्या पाठाची फक्त सुरुवात वाचतात, तिघांना बोलावून.

३० ऑक्टोबरच्या गुरुवारी वाचायची वचनं होती तेरा. हे मी ठरवलेलं नाही, तसंच आलं. उत्पत्ती या तोराच्या पहिल्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायाची पहिली तेरा वचनं: 'आपला देश, आपलं गणगोत, आपल्या बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशी जा' इथून सुरू होणारी, आमचा मूळपुरुष अब्राम याची.

शिकवणार कोण? माझा धाकटा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. रोज रात्री साडेआठला, म्हणजे त्याच्याकडे सहा वाजता, व्हिडिओ कॉल. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, सुरांच्या खुणा नसतात, नुसती व्यंजनं. एका पानावर चिन्हांसकट आणि शेजारी चिन्हांशिवाय असा छापलेला पाठ त्याने पाठवला, आम्ही त्याच्या झेरॉक्स काढल्या. एक दारावर, एक जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघरात. दीड-दोन महिन्यांत माझी सून, जिला हिब्रूचं एक अक्षर ओळखता येत नाही, ती कणीक मळताना चौथं वचन सुरात म्हणायला लागली. या शिकवणीची फी शून्य. भावाने एकच मागितलं, की पोरगा फक्त पाठ करणार नाही, अर्थ विचारेल.

आणि त्याने विचारलंच. तेराव्या वचनात, जिथे गुरुवारचं वाचन थांबतं, तिथे दुष्काळामुळे मिसरला (इजिप्तला) निघालेला अब्राम बायकोला, सारायला, सांगतो, तू माझी बहीण आहेस असं म्हण, म्हणजे तुझ्यामुळे माझं भलं होईल. नातू म्हणाला, "आजी, तो तर देवाचं ऐकून निघालेला माणूस ना? मग बायकोला खोटं का बोलायला लावतो? आणि तिचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. मी पासष्ट वर्षं ही गोष्ट ऐकतेय, मला हा प्रश्न पडला नव्हता असं नाही, पण मोठ्यांना विचारायची सोय नव्हती. मामाआजोबांनी फोनवर सांगितलं, की तेराव्या शतकातल्या एका मोठ्या भाष्यकाराने स्पष्ट लिहून ठेवलंय, अब्राहाम (अब्रामचंच पुढचं नाव) इथे चुकला, नकळत का होईना पण मोठं पाप केलं त्याने. त्या भाष्यकाराला रामबान म्हणतात. नातवाला ते रामबाण ऐकू आलं. दोन दिवस तो घरभर सांगत होता की आपल्याकडे एक रामबाण उपाय आहे. मी म्हटलं, उपाय नाही रे, प्रश्नच आहे तो.

तेफिलीनचं सांगते, कारण सगळ्यात मोठा खर्च तिथेच झाला. आमच्या ह्यांच्या वडिलांची तेफिलीन निळ्या मखमली पिशवीत कपाटात जपून ठेवलेली होती. मी निश्चिंत होते, म्हटलं पणजोबांचीच बांधू, पैसेही वाचतील आणि पणजोबाही असतील. भावाने बजावलं, आधी या गुंडाळ्या लिहिणाऱ्या लेखनिकाला दाखवा. गेल्या वर्षी मावसभाऊ अश्दोदला परत जाताना घेऊन गेला. तिथल्या लेखनिकाने पेटी उघडली. शाई पापुद्र्यासारखी उडालेली. एक अक्षर तुटलं तरी गुंडाळी चालत नाही, इथे तर शब्दच्या शब्द गेले होते. सासरे बहुधा कितीतरी वर्षं त्याच बांधून प्रार्थना करत होते. हे कळल्यावर आमचे हे असते तर रडले असते; मी मात्र हिशेबाची वही काढली. नवीन जोडाला २८,००० रुपये. सून म्हणाली, "आई, एवढ्यात तर अर्धा हॉल सजला असता." मी म्हटलं, हॉल संध्याकाळी झाडून टाकतात, ही तो साठ वर्षं बांधेल. बांधली तर. सासऱ्यांचा जोड परत आणला आणि त्याच पिशवीत ठेवला. प्रार्थनेची शाल, जिला आम्ही सिसिथ म्हणतो, ती मात्र त्यांचीच वापरली. दोन ठिकाणी रफू होतं, एक भोक मी नवीन रफू केलं.

पैसे आले कुठून हेही सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की आम्ही उसनवारी केली. २०२० च्या सप्टेंबरात मी पोस्टात आवर्ती ठेवीचं खातं उघडलं, महिना १,००० रुपये, ६० महिने. व्याजासकट सुमारे ७०,००० झाले. खातं उघडतानाच ठरवलं होतं, यापलीकडे एक पैसा नाही.

तिकिटांचा एक घोळ मजेशीर झाला. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होतं. मी आणि नातू एक दिवस आधी जाणार होतो, मुलाला आणि सुनेला रजा नव्हती म्हणून ते आणि नात बुधवारी २९ ला निघणार. २९ ऑक्टोबरचं आरक्षण उघडणार ३० ऑगस्टला सकाळी आठ वाजता. शनिवारी! दिवाळी-छटचा परतीचा काळ, दहा मिनिटांत वेटिंग लागतं, आणि आम्ही शाब्बाथला मोबाइलला हात लावत नाही. दुसऱ्याला सांगून करवून घेणंही खरं म्हणजे बसत नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा शुक्रवारी संध्याकाळी सहज म्हणाला, "आजी, मला सगळ्यांची नावं-वयं माहिती आहेत, मी मांडवात रात्रभर जागाच आहे." गणपतीचे दिवस होते. मी काही बोलले नाही. रविवारी सकाळी दारात प्रिंट अडकवलेली होती, तीन बर्थ, एक खालचा. पाच जणांचं जाणं-येणं स्लीपरने ४,८०० रुपयांत झालं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, नाहीतर माझे थोडे वाचले असते.

ठाण्याच्या सिनेगॉगबद्दल फार लिहीत नाही, ते माझं माहेर आहे आणि माहेराचं कौतुक करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. १८७९ सालची वास्तू. गुरुवारी सकाळी दहा माणसं म्हणजे ऑफिसला जाणारी माणसं, म्हणून प्रार्थना लवकर. अकरा आले. नातवाने तेफिलीनचा पट्टा हातावर सात वेढे गुंडाळला, एक चुकला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. हेखालमधून, म्हणजे तोरा ठेवायच्या कपाटातून, तोरा काढली, तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, ठेवली. तेराही वचनं त्याने वाचली. सहाव्यात अडखळला तेव्हा मागून तिघांनी एकदम दुरुस्त केलं, आमच्याकडे ती पद्धतच आहे. मग चॉकलेटं फेकली, पोरांनी वेचली. बाहेर ओसरीवर केळी, करंज्या आणि बेदाणे भिजवून केलेलं सरबत, द्राक्षारसाऐवजी आम्ही तेच किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वापरतो. आठ वाजता माणसं लोकल पकडायला गेली. हा चहापाण्याचा खर्च साडेतीन हजार, देणगी पाच हजार. धर्माचं काम इथे संपलं. म्हणजे जे करायलाच हवं होतं ते साधारण तासाभरात आणि मोजक्या पैशांत झालं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती नागपूरची आहे.

ज्या शेजाऱ्यांच्या मांडीवर पोरगा वाढला त्यांना न बोलावता कसं चालेल? आम्ही ३५ घरांना पोस्टकार्डं लिहिली, नातवाने स्वतःच्या हाताने. ५० पैशाचं कार्ड, एकूण १७ रुपये ५० पैसे. (दोन घरांतून फोन आला, की हे काय आहे, कोणी गेलं का? पोस्टकार्ड हल्ली फक्त वाईट बातमीचं समजतात.) माणसं साठ-सत्तर. रविवार, २ नोव्हेंबर, दुपारचं जेवण. त्याआधी मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने आमचा आभाराचा विधी.

मला वाटलं होतं हॉल सहज मिळेल. अजून चातुर्मास. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर. मी ज्यू असूनही पंचांग बघून हा काळ निवडला, कारण तेव्हा कार्यालयं ओस असतात आणि आचारी रिकामे. पहिल्या लॉनवर गेलो. पाचशे माणसांचं लॉन, गवत वाळलेलं, एक कुत्रं स्टेजवर झोपलेलं. मॅनेजर म्हणाला, "मिनिमम तीनशे प्लेट, साडेपाचशेने." मी म्हटलं, माणसं सत्तर आहेत. "मग सत्तर या, पैसे तीनशेचे द्या." एक लाख पासष्ट हजार! कुत्र्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. दुसरीकडे अडीचशे प्लेट. तिसरीकडे 'छोटा एसी हॉल' होता, त्यात दीडशे प्लेट आणि डेकोरेशन त्यांचंच घ्यायचं, बाहेरचा आचारी चालणार नाही. बाहेरचा आचारी हाच आमचा मुद्दा होता. आमच्या नियमाने मांस आणि दूध एका जेवणात नाही, आणि मांस आमच्या पद्धतीने कापलेलंच लागतं, ते कापणारा नागपुरात नाही. म्हणजे शाकाहारी. पण ज्या कढईत काल मटण शिजलं त्यात आमची भाजी नको. हे सांगितल्यावर तिसऱ्या हॉलवाल्याने विचारलं, "तुम्ही जैन का?"

चौथा, पाचवा लिहीत नाही. सगळीकडे तेच. महापालिकेच्या समाजभवनाचीही चौकशी केली. तिथे सांगितलं पूर्ण दिवसच घ्या, आणि आदल्या रात्रीपासून दुसऱ्या कार्यक्रमाचं सामान पडून असेल. सत्तर माणसांना दुपारी बारा ते तीन बसायला या शहरात जागा नाही, पाचशेंना रात्री बारापर्यंत आहे, हे मला या वयात कळलं. उधळपट्टीबद्दल लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी हा धागा धरायला हवा होता. माणूस साधं करायला निघतो, तेव्हा त्याला साधं विकायला कोणी तयार नसतं. तीनशे प्लेटांचे पैसे भरावेच लागणार म्हटल्यावर माणूस सत्तरांवर थांबेल कशाला? तो ऑफिसातले, नळवाला, पोराच्या ट्यूशनचे सगळे बोलावतो. उधळपट्टी हौसेने होते तशी ती दरपत्रकानेही होते.

शेवटी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांची खोली दिली. मी तिथे रोज पेपर वाचायला जाते. भिंतीवर बी. पी.चा तक्ता, कोपऱ्यात कॅरम. भाडं आणि सफाई मिळून २,५०० रुपये. खुर्च्या आणि माइक दोन हजार. मानेवाड्याच्या एका बचत गटातल्या बायकांनी माझ्या घरून नेलेल्या भांड्यांत स्वयंपाक केला, ७० ताटं, ताटाला १६० रुपये. पाटोडी रस्सा, वडाभात, वांग्याची भाजी, कढी, पोळ्या. पालेभाजी मी वगळायला सांगितली, कारण पाल्यात किडा राहिला तर आम्हाला तो वर्ज्य आणि ७० माणसांची मेथी भिंग लावून निवडायला कोण बसणार? नातवाच्या मित्रांनी "सावजी नाही?" असं तोंड केलं. नातवाचा एक हट्ट मान्य केला होता, एकच, कोणताही. त्याने गेम झोन, डीजे असा सगळा विचार करून गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, मागितला. बाराशे रुपये. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच झाली, आणि तेफिलीनला २८,००० घालणारी मी तिथे रांगेत उभी होते.

चुकलं एक. चातुर्मास मी बरोबर धरला, एकादशीत मात्र फसले. स्मार्तांची शनिवारी होती ती मी कॅलेंडरात पाहिली आणि निश्चिंत झाले. भागवत एकादशी रविवारी. शेजारच्या चौदा जणांना उपास! त्यातल्या सहा जणींनी आधी कळवलं, आठ जण तसेच आले. सकाळी सात वाजता सून इतवारीकडे साबुदाण्याला पळाली, भिजवायला वेळ नव्हता म्हणून शेवटी भगर आणि दाण्याची आमटी केली. आणि मलिदा तर पोह्यांचाच असतो: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, ताटात मध्ये त्याचा ढीग आणि भोवती फळं. उपासाला पोहे चालत नाहीत. उपासवाल्यांनी ताटातला खजूर, केळी आणि संत्री घेतली. आंबिया बहाराची संत्री कॉटन मार्केटात आली होती, अजून आंबटगोड, पण मलिद्याच्या ताटात नागपुरी संत्रं नसेल तर मी ते ताट नागपुरातलं मानत नाही. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत पिकणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. सुवासाला आम्ही सबजाची पानं घेतली. शेजारच्या काकूंनी हात जोडून सगळे आशीर्वाद ऐकले आणि संपल्यावर म्हणाल्या, "आरती नाही?"

एक मनातलं. मलिद्याला तरी नागपुरात दहा जमावेत अशी माझी फार इच्छा होती. मुलगा, नातू, दोन रेल्वेतले निवृत्त, एक अमरावतीहून, दोन जबलपूरहून गाडीने आले. सात झाले. खोलीत सत्तर माणसं आणि मोजणीला सात. दहा असते तर काही प्रार्थना म्हणता आल्या असत्या, त्या वगळल्या. मी आणि अमरावतीच्या मावशी, आमच्या दोघींच्या मिळून सव्वाशेवर वर्षांच्या प्रार्थना, त्या मोजणीत नाहीत आणि परवा तेराचा झालेला पोरगा आहे. मी भांडत नाहीये, सांगतेय. नातू तिथे मराठीत चार मिनिटं बोलला. अब्राम पंचाहत्तर वर्षांचा असताना घर सोडून निघाला, हे सांगून तो म्हणाला, "त्याला कुठे जायचं ते माहीत नव्हतं, म्हणून ६० दिवस आधी तिकीटही काढता आलं नसतं." मग तेराव्या वचनाचा प्रश्न विचारला आणि सारायला कोणी विचारलंच नाही असं म्हणून खाली बसला. रामबानचं नाव त्याने घेतलं नाही. विसरला म्हणे.

कपडे गांधीबागेतून, सगळ्यांचे मिळून ४,२००. मलिद्याचं सामान आणि फळं २,९००. फोटो भाच्याच्या मोबाइलवर, प्रिंटा ६००. एकूण खर्च ६५,९१७ रुपये ५० पैसे. त्यातले २८,००० ज्या वस्तूवर गेले ती रविवारी कोणाला दिसलीही नाही, कारण ती सकाळीच घरी बांधून, सोडून पिशवीत गेली होती. दोघांनी पाकिटात पैसे आणले, ते परत केले. शेजारच्या काकूंनी पोराला अंगठी आणली, ती परत करायची हिंमत झाली नाही.

आता माझं म्हणणं. हॉल आणि लॉनवाल्यांनी मुहूर्त नसलेल्या दिवसांत तरी किमान प्लेटांची अट सोडावी, अर्ध्या दिवसाचा, बाहेरच्या आचाऱ्याला चालणारा दर फलकावर लावावा. महापालिकेने समाजभवनं तीन-चार तासांच्या पाळीने द्यावीत. यात ज्यूंचं विशेष काही नाही, साध्या बारशाला आणि तेराव्यालाही हीच अडचण येते, फक्त तेव्हा माणूस घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

खात्यात उरले ते पैसे मी त्याच आठवड्यात नातीच्या नावाच्या आवर्ती ठेवीत टाकले. ती दहा वर्षांची आहे. आमच्याकडे मुली बाराव्या वर्षीच मोठ्या होतात, म्हणजे माझ्या हातात दोन वर्षंही नाहीत. तिने आत्ताच सांगून ठेवलंय, की ती सारायवर बोलणार आणि चार मिनिटांत भागणार नाही. तारीख २०२७ च्या मे महिन्यातली आहे, ऐन लग्नसराईतली. दक्षिण नागपुरात साठ माणसांसाठी, दुपारपुरती, स्वतःचा स्वयंपाक आणू देणारी जागा कोणाच्या माहितीत असेल तर आपल्याच सदरातून कळवावं.

आपली नियमित वाचक,
अजनी, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)